कंडक्टर नसलेल्या शहरांत : परदेशप्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी, माझी पत्नी आणि थोरली वहिनी असे आम्ही तिघे मे महिन्यात लिस्बनला भाचीकडे आणि तिथून चार दिवसांसाठी लंडनला जाणार आहोत. तिघेही साठीच्या पुढचे आहोत. इथे गोव्यात कदंबच्या बसमध्ये बसल्यावर कंडक्टर येतो, पैसे घेतो आणि तिकीट देतो, एवढेच आम्हांला ठाऊक. तिकडे मेट्रोच्या दारावर कार्ड टेकवावे लागते असे भाची सांगते. माझ्यापाशी बँकेचे एक डेबिट कार्ड आहे. तिघांसाठी ते चालेल काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : चालणार नाही, आणि याचे कारण एकदा समजून घेतले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडेल. पणजी–मडगाव शटलसाठी आपण खिडकीवर तीन तिकिटे एकदम मागता तेव्हा खिडकीतला माणूस माणसे मोजतो. मेट्रोचे दार माणसे मोजत नाही, ते कार्डे मोजते. एक कार्ड म्हणजे त्याच्या लेखी एक प्रवासी, जो अमुक स्थानकावर आत आला आणि तमुक स्थानकावर बाहेर पडला. तेच कार्ड लगेच दुसऱ्यांदा टेकवले तर दार उघडत नाही, आणि समजा उघडले तरी हिशेबाचा घोळ होतो. म्हणून तिघांना तीन कार्डे हवीत आणि ज्याचे कार्ड त्याच्याच खिशात हवे. सगळी कार्डे घरच्या कर्त्या पुरुषाने सांभाळायची आपली पद्धत तिथे पहिल्याच दारावर अडते.

लिस्बनमध्ये ही गोष्ट स्वस्तात सुटते. मेट्रो स्थानकावरील यंत्रातून ‘नावेगांत’ नावाचे पुठ्ठ्याचे कार्ड अर्ध्या युरोला मिळते. विमानतळावरच लाल मार्गिकेचे स्थानक आहे, तेव्हा उतरल्या उतरल्या तिथेच तीन कार्डे घ्यावीत. या कार्डावर चोवीस तासांचा पास भरता येतो किंवा नुसती रक्कम भरून ठेवता येते, जिच्यातून प्रत्येक फेरीचे भाडे कापले जाते. या दुसऱ्या प्रकाराला तिथे ‘झॅपिंग’ म्हणतात. एका कार्डावर एका वेळी यांपैकी एकच प्रकार राहतो, म्हणून आधी दिवसाचा बेत ठरवावा. दिवसातून दोनदाच बाहेर पडणार असाल तर झॅपिंग बरे. आल्फामा या जुन्या वस्तीच्या चढणीवर अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्राममधून चढउतार करत हिंडणार असाल तर पास परवडतो, कारण ट्राममध्ये चालकाकडे रोख देऊन घेतलेले तिकीट कार्डापेक्षा बरेच महाग पडते. या ट्राममध्ये गर्दी फार असते आणि खिसेकापूही असतात, तेव्हा पाकीट पाठीवरच्या पिशवीत ठेवू नये. तेजो नदी ओलांडून कासिल्याशला जाणाऱ्या फेरीबोटीलाही झॅपिंगचेच कार्ड चालते. आपल्याकडे दिवाडी किंवा चोडण बेटाच्या फेरीबोटीत पायी चढणाऱ्याला पैसे पडत नाहीत, त्या सवयीने मात्र तिथे सरळ आत चालू लागू नये.

मेट्रोत शिरताना आणि बाहेर पडताना असे दोन्ही वेळा कार्ड टेकवायचे असते. आपल्यापैकी ज्यांना पासष्ट वर्षे पूर्ण झाली असतील त्यांना पोर्तुगीज रेल्वेत निम्मे भाडे पडते. कोईंब्रा किंवा पोर्तोकडे जाण्याचा विचार असल्यास तिकीट काढताना तसे सांगावे आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा.

लंडनची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथल्या बसमध्ये २०१४ च्या जुलैपासून रोख पैसे घेतच नाहीत, म्हणजे चालकासमोर नोट धरून उभे राहिल्यास तो नम्रपणे खाली उतरायला सांगेल. ऑयस्टर नावाचे तिथले प्रवासाचे कार्ड किंवा बँकेचे संपर्करहित कार्ड, म्हणजे यंत्रात न घालता नुसते टेकवून चालते ते कार्ड, यांपैकी काहीही चालते आणि प्रौढ प्रवाशाला दोहोंवर भाडे सारखेच पडते. बसमध्ये फक्त चढताना कार्ड टेकवायचे, भुयारी रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर येतानाही. बाहेर येताना विसरलात तर आपण कुठे उतरलात हे यंत्राला कळत नाही आणि ते जास्तीत जास्त भाडे लावते. दिवसभरात कितीही फिरलात तरी एका मर्यादेपलीकडे पैसे कापले जात नाहीत, पण त्यासाठी दिवसभर तेच कार्ड वापरावे लागते. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच खात्याला जोडलेला मोबाइल टेकवला तर यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रवासी झाले आणि मर्यादेचा लाभ दोघांनाही मिळत नाही. आपल्या बँकेचे कार्ड त्या दारावर चालेलच असे गृहीत धरू नये. पहिला दिवस त्या प्रयोगात घालवण्यापेक्षा तिघांनी ऑयस्टर घेऊन मोकळे व्हावे, असे माझे मत आहे.

निघण्यापूर्वी करायचे एक काम मात्र राहून जाऊ देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिली जातात. परदेशातील वापर आणि संपर्करहित वापर या दोन्ही सोयी आपण स्वतः बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करून घ्याव्या लागतात. लिस्बनच्या विमानतळावर उतरल्यावर हे आठवून उपयोग नाही, कारण भारतातला मोबाइल क्रमांक परदेशात बंद असला तर ओटीपी येणार कुठे?

प्रश्न : लिस्बनच्या एका उपाहारगृहात कार्ड यंत्रात घातल्यावर ‘रुपये की युरो’ असा पर्याय आला. आपलेच चलन बरे, म्हणून मी रुपये निवडले. घरी येऊन हिशेब केला तर रक्कम चांगलीच जास्त भरली. यंत्रात काही गडबड होती काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : यंत्र बरोबरच होते. रुपये निवडल्यावर युरोचा दर ठरवण्याचा अधिकार आपण दुकानदाराच्या बाजूच्या कंपनीला देता, आणि ती आपला नफा त्या दरातच मिसळते. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो, एवढाच त्याचा फायदा. वर काही भारतीय बँका अशा व्यवहारावर वेगळा आकारही लावतात. म्हणून दुकानात आणि एटीएममध्येही नेहमी तिथलेच चलन निवडावे.

तसे केले तरी खर्च शून्य होत नाही, हेही सांगितले पाहिजे. बहुतेक बँका परकीय चलनाच्या व्यवहारावर दोन ते साडेतीन टक्के आकार घेतात आणि त्या आकारावर अठरा टक्के जीएसटी लागतो. साडेतीन टक्के धरले तर १०,००० रुपयांच्या खरेदीवर ३५० रुपये आकार आणि ६३ रुपये कर, म्हणजे ४१३ रुपये होतात. प्रवास लांबचा असेल तर आधीच युरो भरून ठेवलेले फॉरेक्स कार्ड किंवा कमी आकार घेणारे कार्ड पाहावे. दोन-चार दिवसांच्या सहलीसाठी तेवढी यातायात मी करणार नाही.

प्रश्न : भाजीवाल्यापासून देवळाच्या दानपेटीपर्यंत आता सगळीकडे यूपीआय चालते. परदेशातही चालते असे वाचले. मग कार्डाची गरज काय?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : चालते, पण मोजक्या देशांत, आणि तिथेही ठरावीक दुकानांतच. भूतानमध्ये ते २०२१ मध्ये सुरू झाले, श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये. नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आणि फ्रान्समध्येही काही ठिकाणी आहे. ॲपमध्ये परदेशी वापराची सोय आधी सुरू करून घ्यावी लागते. सिंगापूरच्या दुकानात यूपीआय चालले म्हणून तिथल्या बसमध्ये ते चालत नाही. तिथे व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवावे, मात्र परदेशी बँकेचे कार्ड असल्यास दिवसाला साठ सेंट प्रशासकीय शुल्क पडते.

प्रश्न : मध्य युरोपातल्या एका शहरात आम्ही पैसे मोजून तिकीट काढले, तिकीट हातात होते, तरी तपासनिसाने दंड केला. त्यावर शिक्का नाही म्हणे. हा अन्याय नव्हे काय?
— एक वाचिका, फोंडा

उत्तर : आपला संताप मी समजू शकतो, तरीही तपासनीस नियमाने बरोबर होता असे म्हणावे लागेल. जर्मनी, ऑस्ट्रिया यांसारख्या देशांतील अनेक शहरांत मेट्रोला दारे नाहीत आणि कंडक्टरही नाही, सगळे विश्वासावर चालते. छापील तिकीट तारीख-वेळेशिवाय मिळाले असेल तर ते फलाटावरच्या किंवा डब्यातल्या लहान यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवायची असते. वेळ नसलेले तिकीट आठवडाभर पुन्हा पुन्हा वापरता येईल, म्हणून ते तिकीट न काढल्यासारखेच मानतात. जर्मनीत हा दंड साठ युरोंचा आहे. इटलीत प्रादेशिक गाडीच्या कागदी तिकिटालाही चढण्यापूर्वी असाच शिक्का लागतो. पॅरिसमध्ये तर आत शिरल्यावरही तिकीट बाहेर पडेपर्यंत जपून ठेवावे लागते, कारण तपासणी पुष्कळदा बाहेरच्या वाटेवरच होते. पर्यटक आहे, भाषा कळली नाही, ही सबब कुठेच चालत नाही. दंड भरायचा असल्यास पावती मागून भरावा. पावती देण्यास टाळाटाळ करणारा माणूस तपासनीस आहे की नाही, हे आधी पाहावे.

प्रश्न : रोख किती न्यावी? उरलेल्या परकीय नोटांचे काय करावे?
— एक वाचक, वास्को

उत्तर : बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच्या किमतीचे परकीय चलन रोख नेता येते, बाकीचे कार्डावर. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत. पण एवढी रोख बाळगण्याचे कारण सहसा पडत नाही. पहिल्या दोन दिवसांचा खर्च निघेल इतके युरो, तेही पाच-दहाच्या नोटांत, पुरतात. नंतर लागल्यास एटीएममधून थोडे थोडे काढण्याऐवजी एकदाच काढावेत, कारण प्रत्येक वेळी वेगळा आकार पडतो. पोर्तुगालमध्ये ‘मुल्तिबांको’ अशी पाटी असलेले बँकेचे यंत्र पाहावे आणि पर्यटकांच्या रस्त्यावरची झगमगीत यंत्रे टाळावीत.

परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा जवळ ठेवता येतात, त्यावरच्या नोटा १८० दिवसांत बँकेत किंवा परवानाधारक चलन विक्रेत्याकडे बदलून घ्याव्या लागतात. नाण्यांना मात्र कोणतीच मर्यादा नाही, आणि ती कोणी बदलूनही देत नाही. माझ्या टेबलाच्या खणात असा एक डबा कित्येक वर्षे साठतो आहे.