नदी स्वच्छ करण्यावरचा खर्च भरून निघतो का, हे ठरवतात कसं?

तुम्ही विचारलंय की जलप्रदूषण नियंत्रणाच्या कार्यक्रमांचा फायदा आणि खर्च नेमका मोजतात कसा. शिवाय अमेरिकेतल्या एका अभ्यासात फायदा खर्चाच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढा निघाल्याचं तुमच्या वाचनात आलं, तेव्हा नद्यांवर खर्च करणं म्हणजे पैसा पाण्यात घालणंच नाही का, अशी तुमची शंका आहे.

मला तसं वाटत नाही. आणि तो आकडा खोटा आहे म्हणून मी असं म्हणत नाहीये. आकडा खरा आहे, अभ्यासही अतिशय मेहनतीने केलेला आहे. फक्त तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे नीट पाहायला हवं. मी बरीच वर्षं सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर काम केलं आणि पुढे अशा कार्यक्रमांचे मूल्यमापन अहवाल तपासण्याचं कामही माझ्या वाट्याला आलं. त्यावरून सांगते: खर्चाची बाजू पावत्यांवरून मिळते, फायद्याची बाजू मात्र शोधत जावी लागते, आणि जे कोणी शोधलंच नाही ते शेवटच्या बेरजेत शून्य म्हणून बसतं.

तुम्ही वाचलंत तो अभ्यास बहुधा डेव्हिड कायझर आणि जोसेफ शापिरो या अर्थतज्ज्ञांचा, २०१९ सालचा. अमेरिकेत १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा झाला आणि त्याखाली शहरांना मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं उभारायला मोठी अनुदानं मिळाली. या दोघांनी २,४०,००० ठिकाणांवर घेतलेल्या ५ कोटी नोंदी गोळा केल्या. केंद्राच्या वरच्या अंगाचं पाणी आणि खालच्या अंगाचं पाणी, अनुदानाच्या आधीचं आणि नंतरचं, असं सगळं ताडून पाहिलं. पाणी सुधारलं होतं, आणि त्यातली काही सुधारणा या अनुदानांमुळेच झाली होती. एक मैल नदी वर्षभर मासेमारीयोग्य होण्यासाठी २०१४ च्या किमतींनुसार साधारण १५ लाख डॉलर पडले. फायदा मोजण्यासाठी त्यांनी या पाण्यापासून २५ मैलांच्या आतल्या घरांच्या किमती घेतल्या. त्या वाढल्या, पण ती वाढ अनुदानाच्या खर्चाच्या साधारण पाव हिश्श्याएवढीच भरली.

आता घराच्या किमतीत काय उतरतं? घर घेणाऱ्याला जे दिसतं, ज्याचा वास येतो, जे त्याला ठाऊक असतं, तेवढंच. काठावरून फिरायला बरं वाटतं, रविवारी गळ टाकून बसता येतं, हे किमतीत येतं. पाण्यातलं शिसं किंवा एखादं कीटकनाशक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते कमी झालं तरी घराचा भाव हलत नाही. दोनशे मैल खाली दुसऱ्या शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीन कमी लागू लागलं, तर ती बचत या घरांच्या भावात कशी दिसणार? नदी जिथे समुद्राला मिळते तिथली मासळी, कधीतरी सुटीत येणारा लांबचा माणूस, आपल्या नातवंडांना ही नदी जिवंत मिळावी असं वाटणारे लोक, हे सगळे २५ मैलांच्या बाहेर. लेखकांनी स्वतःच या त्रुटींची सविस्तर चर्चा केली आहे. बातमीत मात्र पाव हिस्सा तेवढा उरला.

हवेच्या बाबतीत असं होत नाही. तिथल्याच हवाविषयक कायद्यातल्या १९९० च्या दुरुस्त्यांचा सरकारी हिशेब २०११ मध्ये आला, त्यात २०२० सालासाठी सुमारे ६५ अब्ज डॉलर खर्चासमोर सुमारे २ लाख कोटी डॉलरचा फायदा होता. म्हणजे तीसपट. त्यातला बहुतेक फायदा सूक्ष्म धूलिकणांमुळे होणारे अकाली मृत्यू टळण्याचा आहे. हवा आपण गाळून घेत नाही. पाणी मात्र नळाला येण्याआधी गाळलं जातं, त्यात क्लोरीन पडतं, आणि वाचलेल्या जिवांचं श्रेय नदीच्या खात्यात न पडता नळाच्या खात्यात जमा होतं. म्हणून शुद्ध पाणी घरोघर पोहोचलेल्या देशातलं फायदा-खर्चाचं गुणोत्तर उचलून, माणसं थेट नदीचं पाणी पितात अशा ठिकाणी लावणं ही मला सर्वांत घातक चूक वाटते. केंद्र तेच, यंत्रं तीच, खर्च तोच. खालच्या अंगाला कोण राहतं यावर फायदा ठरतो.

विषारी द्रव्यांचा हिशेब तर पूर्णच वेगळा होतो. जपानमधल्या मिनामाता इथे एका रासायनिक कारखान्याने १९३२ ते १९६८ पर्यंत पारामिश्रित सांडपाणी उपसागराकडे सोडलं. मासे खाणाऱ्या कुटुंबांत मज्जासंस्थेचा आजार पसरला, १९५६ मध्ये त्याची अधिकृत नोंद झाली, तरी सोडणं आणखी बारा वर्षं चालूच राहिलं. पुढे जपानी अभ्यासगटाने हिशेब मांडला: भरपाई, उपसागरातला गाळ काढणं आणि बुडालेली मासेमारी मिळून वर्षाला सरासरी सुमारे १,२६३ कोटी येन, आणि प्रदूषण रोखायला लागला असता तो खर्च वर्षाला सुमारे १२ कोटी येन. शंभरपट फरक! आणि त्या मोठ्या रकमेतही आईच्या पोटातच बाधा झालेल्या मुलांचं गेलेलं आयुष्य आलेलं नाही. भरपाईचा आकडा म्हणजे दुःखाची किंमत नव्हे, हे अशा अहवालाच्या पहिल्या पानावर लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. फायदा कमी निघण्याचं एक कारण असंही असतं की फायदा झालेलाच नसतो.

एका केंद्रावरची रात्र मी विसरू शकत नाही. पहाटे दोनच्या सुमारास आम्ही न सांगता गेलो होतो. एअरेशन टाकी, म्हणजे घाण खाणाऱ्या जिवाणूंसाठी पाण्यात हवा सोडायची टाकी, नीट चालत असेल तर लांबूनच खळखळ ऐकू येते, पाणी चॉकलेटी दिसतं आणि ओल्या मातीसारखा वास येतो. त्या रात्री टाकी निपचित होती, पृष्ठभाग काळपट, आणि सडक्या अंड्यांचा वास. हवा सोडणारा ब्लोअर संध्याकाळपासून बंद. ड्युटीवरच्या ऑपरेटरने काही लपवलं नाही. "मॅडम, बिल भरायला पैसे नाहीत, दिवसा तपासणी असली की चालू करायला सांगतात," म्हणाला. त्याने एक लिटरच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी भरून ठेवलं. अर्ध्या तासात गाळ खाली बसून वर नितळ पाणी यायला हवं. इथे पाणी गढूळच राहिलं आणि गाळाचे काळे गोळे बुडबुड्यांसोबत वर येऊन तरंगायला लागले. रजिस्टरमध्ये मात्र ब्लोअर २४ तास चालू.

सकाळी मी बारा महिन्यांची वीजबिलं मागवली. ब्लोअरची अश्वशक्ती घ्या, तास घ्या, गुणाकार करा. अशा केंद्राची निम्म्याहून जास्त वीज हवा सोडण्यावरच जाते, त्यामुळे इथे खोटं फार टिकत नाही. जेवढे युनिट जळायला हवे होते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच जळले होते. आणि आधीच्या मूल्यमापन अहवालात केंद्राची पूर्ण क्षमता 'रोज शुद्ध होणारं पाणी' म्हणून फायद्यात धरलेली होती. बांधकामाला वरून पैसा आला, चालवायचा खर्च स्थानिक संस्थेच्या गळ्यात पडला, आणि त्या संस्थेकडे तो नव्हता. दुःख याचं होतं की खालच्या गावांना नदी सुधारल्याचं सांगितलं गेलं होतं.

मायकल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये भारतातल्या नियमनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हवेच्या नियमांनी हवा सुधारली, पण नद्यांसाठीच्या योजनेचा पाण्यावर मोजता येईल असा परिणाम आढळला नाही. त्या रात्रीनंतर मला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

म्हणून साखळी एकेक कडी धरून तपासायची. पैसा खर्च झाला, केंद्र बांधलं, ते चाललं, नदीतला विरघळलेला ऑक्सिजन वाढला, मासे परतले, लोक पाण्याकडे वळले, आणि मग त्या वळण्याचं मोल. अहवाल बहुधा दुसऱ्या कडीवरून थेट शेवटच्या कडीवर उडी मारतात.

तुलना कशाशी करायची, यातही खूप जण फसतात. 'आधी आणि नंतर' ही तुलना पुरत नाही. मधल्या काळात वरच्या अंगाचा एखादा कारखाना बंद पडला, किंवा पाऊस भरपूर झाला, तर कार्यक्रम नसता तरी पाणी सुधारलंच असतं. उलट शहर दुप्पट वाढलं आणि नदी होती तशीच राहिली, तर तेही यशच, कारण कार्यक्रम नसता तर तिचं गटार झालं असतं. कार्यक्रमासह काय झालं आणि कार्यक्रमाविना काय झालं असतं, ही खरी तुलना. दुसरी अवस्था प्रत्यक्षात कुठेच दिसत नाही, म्हणून तर केंद्राचा परिणाम न होणाऱ्या वरच्या अंगाच्या पाण्याच्या नोंदी सोन्यासारख्या जपायच्या.

ज्या गोष्टींना बाजारभाव नाही त्यांचं मोल काढायला लोकांनाच विचारतात: नदी पोहण्यालायक व्हावी म्हणून वर्षाला किती द्याल? एक्झॉन व्हाल्डीज जहाजातून १९८९ मध्ये अलास्कात तेल सांडलं, त्यानंतर या पद्धतीवर एवढा वाद झाला की केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल मानकऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने १९९३ मध्ये सांगितलं की काळजीपूर्वक, मतदानासारखा हो-नाही प्रश्न विचारून पाहणी केली तर आकडे विचारात घेण्याजोगे असतात. मला पद्धत मान्य आहे, पण एक खोट सलते. अशाच एका पाहणीत एक कोळी मला म्हणाला, "पाणी त्यांनी बिघडवलं आणि पैसे मी द्यायचे?" तो फॉर्म 'निषेधाचं उत्तर' म्हणून गठ्ठ्यातून बाजूला काढला गेला. ज्याचं पोट त्या नदीवर होतं, त्याचंच मत सरासरीत आलं नाही. शिवाय किती द्याल हा प्रश्न खिशाला विचारलेला असतो. ज्याचा खिसा रिकामा, त्याच्या नदीचं मोलही कागदावर कमी भरतं. म्हणून फायद्याची एकच बेरीज न मांडता, तो कोणाला मिळाला आणि खर्च कोणी सोसला, हे वेगळं मांडायला हवं.

व्याजाचा, म्हणजे पुढे मिळणाऱ्या फायद्याची आजची किंमत काढायच्या दराचा (डिस्काउंट रेटचा) मुद्दा थोडक्यात. तलावाच्या तळाशी साठलेला, शेवाळ वाढवणारा फॉस्फरस बाहेरून येणारं पाणी थांबवल्यावरही वर्षानुवर्षं सुटत राहतो, त्यामुळे खर्च आज आणि नितळ पाणी कितीतरी वर्षांनी, असं होतं. तीस वर्षांनंतरच्या १०० च्या फायद्याची आजची किंमत ७ टक्के दराने १३ भरते, ३ टक्क्यांनी ४१. अमेरिकेत २००३ पासून बरीच वर्षं हे दोन्ही दर अधिकृतपणे वापरत. एकाने कार्यक्रम तोट्यात दिसेल, दुसऱ्याने नफ्यात, आणि नदीत थेंबाचाही फरक पडलेला नसेल.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, कार्यक्रम बंद करावेत का. सरासरी गुणोत्तरावरून तो निर्णय घेताच येत नाही, पुढच्या टप्प्याचा हिशेब करावा लागतो. नुसता गाळ बसू दिला तरी पाण्यातला सेंद्रिय भार साधारण तिसऱ्या हिश्श्याने उतरतो, जिवाणूंची प्रक्रिया जोडली की ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत. त्यापुढचे शेवटचे काही टक्के फार महाग पडतात. जिथे मैलापाणी अजून जसंच्या तसं नदीत जातंय तिथे पहिले टप्पे टाळायला मला एकही सबळ कारण सापडलेलं नाही. जिथे ते आधीच झालेत, तिथे तोच पैसा शेतातून वाहून येणाऱ्या खतांकडे वळवला तर नदीला जास्त मिळेल का, हे जरूर तपासावं. त्या अमेरिकन कायद्याची परवान्यांची सक्ती पाइपमधून येणाऱ्या प्रदूषणापुरतीच आहे, शेतातून वाहून येणाऱ्या पाण्यावर ती नाही, आणि पाइपवर कितीही खर्च केला तरी शेतातलं नत्र नदीत येतच राहतं.

पुढच्या वेळी असा अहवाल हाती आला की गुणोत्तर नंतर बघा. आधी देखभाल आणि विजेची तरतूद किती वर्षांची धरली आहे ते शोधा, आणि मग कोणते फायदे मोजलेच नाहीत याची यादी कुठे दिली आहे का ते पाहा. अहवालाचं नाव कळवलंत तर मीही वाचून सांगेन.