अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या पेशी आत घुसतात कशा?

पेशीला मिळणारा ‘वाढ, हल’ हा निरोप बंदच होत नाही, म्हणून ती शेजारणीचा हात सोडते आणि खालचा पडदा विरघळवत आत शिरते. म्हापशाहून तुम्ही वडिलांच्या बायोप्सी रिपोर्टातल्या ‘इन्व्हेजिव’ शब्दाबद्दल विचारलंय, तो हाच प्रकार. निरोप झेलणारा ईजीएफआर हा रिसेप्टर या कॅन्सरात बऱ्याचदा प्रमाणाबाहेर असतो. तिथून संदेश पीआय३के-एकेटी या प्रथिनांच्या साखळीने आत जातो. टीजीएफ-बीटा या दुसऱ्या निरोप्या प्रथिनाची साथ मिळाली की पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं ई-कॅडहेरिन घटतं, आणि एमएमपी-२, एमएमपी-९ ही एन्झाइम्स बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे तो खालचा पडदा, कुरतडतात. मी पणजीत पॅथॉलॉजीच्या स्लाइड्स वाचतो: सलग थरापासून सुटलेले दोन-चार पेशींचे पुंजके, कधी एकटीच पेशी, स्नायूंच्या धाग्यांत शिरलेली दिसते. त्यात अन्ननलिकेला बाहेरून सिरोसाचं आवरणच नाही, म्हणजे पुढे अडवणारं फारसं कोणी नाही. मात्र एक साखळी तोडली की रोग थांबला, असं होत नाही: गेफिटिनिब या औषधाने ईजीएफआर रोखून पाहिलं, पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत रुग्णांचं एकूण आयुर्मान वाढलं नाही. आणि रोग किती खोल गेलाय हे एवढ्याशा बायोप्सीवरून ठरत नाही. त्यासाठी एंडोस्कोपिक सोनोग्राफी आणि सीटी लागतं.