‘मी यात बसते का?’ असं विचारणाऱ्या तुला

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आलेला, मी सकाळी वाचला. ‘ताई, आउटरीचीचं पाहिलं. पण मी यात बसते का?’ त्या पगारी, घरबसल्या इंटर्नशिपबद्दल फोनवर सांगितलं असतं, पण तू ‘हो ताई, बघते’ म्हणून फोन ठेवला असतास आणि अर्ज राहून गेला असता. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक जुनी गोष्ट. २००६ साली ग्नोम या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पाकडे गूगलच्या ‘समर ऑफ कोड’ या उन्हाळी कार्यक्रमासाठी १८१ अर्ज आले. त्यात एकही बाई नव्हती. मग ग्नोमने खास बायकांसाठी उन्हाळी कार्यक्रम जाहीर केला आणि शंभरावर अर्ज आले. कोड लिहिणाऱ्या त्या बायका आधीही होत्याच ना? मला वाटतं, त्यातल्या कितीतरी जणी तुझ्यासारखंच ‘मी यात बसते का’ म्हणत दाराबाहेर थांबल्या असतील. २०१० मध्ये मरीना झुराखिन्स्काया यांनी हे काम पुन्हा उभं केलं, २०१५ मध्ये त्याचं नाव आउटरीची झालं. आता ते फक्त बायकांसाठी नाही. आपापल्या देशातल्या तंत्रक्षेत्रात जे कमी दिसतात आणि ज्यांना भेदभाव सोसावा लागतो, अशा सगळ्यांसाठी आहे. वय अठराच्या पुढे हवं. सीजीपीए कुणी विचारत नाही. अर्जाला एक रुपयाही लागत नाही, त्यामुळे ‘फी भर, निवड करून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच ब्लॉक कर.

तीन महिने घरबसल्या काम, आठवड्याला साधारण तीस तास, एकूण ७,००० डॉलर. रुपयांत सहा लाखांच्या घरात जातात. ही रक्कम घरी सांगशील तेव्हा बाबांचा विश्वास बसणार नाही, माझ्याही घरी कुणाचा बसला नसता. पैसे मेंटरच्या, म्हणजे प्रकल्पात तुला मार्गदर्शन करणाऱ्याच्या, अभिप्रायानंतर हप्त्यांनी येतात. बँकेतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते मात्र आत्ताच बघून ठेव.

आता तुझा खरा प्रश्न, जो तू शेवटच्या ओळीत घाईघाईने टाकलास. ‘जातीचं लिहू का? तिकडच्या लोकांना कळेल का?’

पहिल्या अर्जात निबंधवजा प्रश्न असतात. तुमच्या देशाच्या तंत्रक्षेत्रात तुम्ही कमी संख्येने असलेल्या गटातले आहात का, कसे? शिकताना कोणता भेदभाव वाट्याला आला? नोकरी शोधताना कोणता येईल? आपल्याकडची मुलं इथेच अडखळतात. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहणारी तू, आडनाव विचारलं की विषय बदलायला शिकलेली. इतकी वर्षं जे झाकायची सवय लावून घेतली, तेच इथे उघड लिहायचं म्हणजे अवघडच. पण लिही. हे निबंध प्रकल्पाचे मेंटर वाचत नाहीत, अर्ज तपासणारे वाचतात. ते वेगवेगळ्या देशांतले असतात, म्हणून आरक्षण म्हणजे काय, वसतिगृह कुणासाठी असतं, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिल्या वर्षी काय होतं, हे एकेका साध्या वाक्यात सांग. जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांग. बाकीचं तुझं आहे, ते कुणाला दाखवायला तू बांधील नाहीस.

आणि मोघम लिहू नकोस. ‘भारतात मुलींना अनेक अडचणी येतात’ हे वाक्य वाचणाऱ्याने हजारदा वाचलेलं असतं. तुझ्या वर्गात किती जण, त्यात मुली किती, ते मोजून लिही. माझ्या कॉलेजात प्रॅक्टिकलला चौघांत एक कॉम्प्युटर असायचा. कीबोर्डवर मुलगा बसायचा आणि जर्नल लिहायचं काम मुलींकडे, कारण ‘तुमचं अक्षर चांगलं’. चार वर्षांत मी लॅबमध्ये सलग तासभर टाइप केल्याचं मला आठवत नाही. हे मी कधी कुठल्या अर्जात लिहिलं नाही, कारण याला भेदभाव म्हणतात हेच मला माहीत नव्हतं. तुझ्याकडे असं काय काय आहे, ते एका वहीत मराठीत लिहून काढ, मग इंग्रजी कर. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. एआयकडून लिहून घेऊ नकोस. त्यात तुझी लॅब नसते, तुझं वसतिगृह नसतं, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदात कळतं.

तारखांचं गणित मात्र नीट कर, चांगल्या मुली तिथेच बाद होतात. वर्षाला दोन फेऱ्या असतात. आपल्याकडच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्याची, म्हणजे साधारण मे ते ऑगस्टची. डिसेंबरची फेरी दक्षिण गोलार्धातल्या विद्यार्थ्यांची आणि शिक्षण संपलेल्यांची. उन्हाळ्याच्या फेरीचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच घेतले जातात, त्यामुळे मे उजाडेपर्यंत थांबलीस तर ते वर्ष गेलं. इंटर्नशिपच्या काळात सलग ४९ दिवस कॉलेज आणि परीक्षा यांतून मोकळे लागतात. आपल्या विद्यापीठाची परीक्षा जूनपर्यंत लांबते हे तुला माहीतच आहे. म्हणून सत्राच्या तारखा अंदाजाने टाकू नकोस, परिपत्रक बघून टाक. आणखी एक, समर ऑफ कोड आधी केलेल्यांना आउटरीचीत घेत नाहीत, तेव्हा आधी काय करायचं ते विचार करून ठरव.

पहिला अर्ज मंजूर झाला की साधारण महिनाभर प्रकल्पांत प्रत्यक्ष काम करायचं असतं. निवड होते ती इथे. प्रकल्प एक घे, फार तर दोन. सगळे कोडचेच नसतात, दस्तऐवज लिहिण्याचे आणि डिझाइनचेही असतात. त्या महिन्यात किमान एक तरी योगदान नोंदवावंच लागतं, नाहीतर शेवटचा अर्ज ग्राह्य धरत नाहीत.

या महिन्यात तुला सगळ्यात जड जाणार आहे ते चारचौघांत प्रश्न विचारणं. मला ठाऊक आहे, तू मेंटरला खासगीत ‘हॅलो सर’ लिहिशील आणि उत्तराची वाट बघत दोन दिवस घालवशील. तसं करू नकोस. प्रकल्पाच्या सार्वजनिक चॅटमध्ये, सर-मॅडम न लावता, एकाच मेसेजमध्ये सगळं विचार: मी हे करत होते, ही कमांड दिली, हा एरर आला, हे दोन उपाय करून पाहिले. मेंटर झोपेत असला तर दुसरं कुणीतरी सांगेल. आणि हाच प्रश्न पडलेल्या, पण विचारायला घाबरलेल्या आणखी चार जणांना त्याचा उपयोग होईल. मी स्वतः मेंटर असताना शेवटी निवडीची यादी करायला बसले की मला आठवायच्या त्या असं विचारणाऱ्या मुली. गप्प राहून शेवटच्या दिवशी भला मोठा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, टाकणारी कितीही हुशार असली तरी तीन महिने तिच्याबरोबर काम कसं होईल, याचा मला अंदाज यायचा नाही.

माझा पहिला पॅच सात वेळा परत आला होता. चौथ्यांदा आला तेव्हा लॅपटॉप मिटून मी गच्चीवर जाऊन बसले. वाटलं, यांना मी नकोच आहे. खाली येऊन पुन्हा वाचलं तर त्या माणसाने प्रत्येक ओळीवर वेळ घालवला होता. नको असते तर एवढं लिहिलं कशाला असतं? तुझ्याही पॅचवर वीस शेरे आले तर एकेक दुरुस्त कर, आभार मान आणि परत पाठव. वीज गेली, नेट गेलं, तर तसं चॅटवर सांगून टाक. त्यात कमीपणा नाही.

निवड झाली नाही तर? बहुतेकांची होत नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण स्वीकारलेला पॅच तुझ्या नावाने जगासमोर राहतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करता येतो.

तोवर हात बसावा म्हणून आजच ट्रान्सलेटविकीवर खातं उघड. विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यातली वाक्यं तिथे मराठीत आणली जातात. रोज पाच वाक्यं कर. अनोळखी माणसांबरोबर, त्यांचे नियम पाळत काम करणं म्हणजे काय, ते कळेल. आणि हे काम तुला माझ्यापेक्षा चांगलं जमेल, तुझं मराठी ताजं आहे.

रविवारी संध्याकाळी सातला फोन करते. विद्यापीठाचं परिपत्रक आणि ती वही जवळ घेऊन बस. आधी ४९ दिवस मोजू, मग वहीतलं पहिलं पान तू मला वाचून दाखव.

तुझी,
ताई