खेड्यात रात्री पेशंट सीरियस झाला तर फोन कुणाला करायचा? आणि सरकारी दवाखाने एकमेकांशी बोलतात का?

तुमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात, घरी सासरे हार्टचे पेशंट. रात्री काही झालं तर १०८, १०२ की ११२, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि दुसरा, थोडा रागानं विचारलेला: पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) ग्रामीण रुग्णालय, तिथून यवतमाळ असं पेशंटला पुढं पुढं धाडत राहतात, तर सरकारात हे सगळं एकत्र बघणारं कुणी आहे की नाही?

मी याच भागात आशा गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशाताईंचं काम बघते. गावात काही झालं की आशाताईचा फोन मला येतो, आणि मग मी पीएचसी, गाडी, ग्रामीण रुग्णालय असे फोन लावत बसते. त्यामुळं तुमच्या दुसऱ्या प्रश्नातला राग मला पुरता समजतो. पण आधी नंबरांचं सांगते, ते थोडक्यात आहे.

छातीत दुखणं, साप, विष, अपघात, झटका: १०८. बाळंतीण आणि एक वर्षाच्या आतलं आजारी बाळ: १०२. ही गाडी पीएचसीत उभी असते, न्यायला फुकट आणि घरी सोडायलाही फुकट, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तसा हक्कच दिलेला आहे. पोलिसही लागणार असतील तर ११२. १०४ हा सल्ल्याचा नंबर आहे, रात्रीच्या धावपळीत तो लावू नका. तुमच्या सासऱ्यांसाठी १०८, आणि घरातल्या दुसऱ्या माणसानं त्याच वेळी आशाताईला नाहीतर पीएचसीला फोन करायचा. एक झाल्यावर दुसरा नाही, दोन्ही एकदम.

१०८ चा फोन पुण्याच्या कंट्रोल रूमला लागतो. तिथल्या मुलामुलींना आपला भाग पाहून माहीत नसतो, ते स्क्रीनवर गाव शोधतात. आणि आपल्याकडं खैरी, बोरगाव, सावळी, पिंपळगाव ही नावं किती गावांना आहेत! त्यात आपण बोलताना 'पांढरकवडा तालुका' म्हणतो आणि सरकारी दप्तरात तो तालुका केळापूर आहे. म्हणून क्रम पाठ करून ठेवा: जिल्हा, तालुका, गाव, कोणत्या रोडवरचा कोणता फाटा, फाट्यापासून किती आत. मग पेशंटचं वय आणि काय होतंय ते. फोन ठेवण्याची घाई करू नका, आणि नंतर त्याच फोनवरून नातेवाइकांना कळवत बसू नका, कारण गाडीवरचे डॉक्टर त्याच नंबरवर उलटा फोन करतात. मोटारसायकलवर एक पोरगा टॉर्च घेऊन फाट्यावर पाठवायचा. पैनगंगेच्या काठच्या गावांत कधी कधी तेलंगणाचा टॉवर पकडतो आणि पलीकडून तेलुगू येते. तसं झालं तर गावात आत चालत या आणि पुन्हा लावा.

आता तुमचा खरा प्रश्न. गाड्या कमी आहेत हे खरं. २०१४ मध्ये १०८ सुरू झाली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मोठ्या, व्हेंटिलेटरवाल्या, बाकी ७०४ साध्या. पण नुसत्या गाड्यांनी काम भागत नाही, हे मी रोज बघते. पेशंट ज्या ज्या हातांतून जातो त्या प्रत्येक हाताचा साहेब वेगळा आहे. उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषदेची, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडं. यवतमाळचं मेडिकल कॉलेज तिसऱ्याच खात्याचं, वैद्यकीय शिक्षणाचं, तिथं डीन. १०२ ची गाडी जिल्हा परिषदेची, १०८ ची राज्याच्या कंत्राटातली. प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं, मीटिंग वेगळी, रिपोर्ट वेगळा. पेशंट मात्र एकच असतो.

याचा परिणाम कसा होतो ते एका प्रसंगातून सांगते. सोयाबीनची गंजी उचलताना एका मजुराच्या हाताला घोणस चावला. पोरांनी वेळ न घालवता पीएचसीत आणला. आमच्या डॉक्टर मॅडमनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि नळी न हलवता वीस मिनिटं टेबलावर ठेवली. घोणसाच्या विषात रक्त गोठत नाही, ते याच नळीवरून कळतं. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. लगेच सर्पदंशाच्या लसीच्या दहा बाटल्या सलाईनमधून सुरू केल्या, गाडी बोलावली, रेफर केलं. चिठ्ठीवर घाईत दोनच शब्द गेले, साप आणि रेफर. मधल्या एका रुग्णालयात रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला कळेना की लस किती गेली, कधी गेली, नळीत काय दिसलं. त्यांनी पुन्हा नळी लावली, पुन्हा वीस मिनिटं. चिठ्ठीवर पुरतं काही नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरं काय करायचं होतं? मग कळलं की इथं डायलिसिसची सोय नाही, पुढं न्या. पुन्हा गाडी, पुन्हा वाट. माणूस वाचला, पण बरेच दिवस किडनीसाठी भरती राहिला. त्या रात्री गाडी होती, लस होती, डॉक्टर हजर होते. नव्हता तो फक्त एक फोन, 'असा असा पेशंट निघालाय, एवढी लस गेलीय, तुमच्याकडं डायलिसिस आहे का, नसेल तर सरळ पुढं पाठवते' एवढं सांगणारा.

त्यानंतर आमच्या पीएचसीत मॅडमनी नियमच केला. रेफर चिठ्ठीवर औषधाची वेळ घड्याळ बघून लिहायची, नळीचा निकाल लिहायचा, आणि पुढच्या दवाखान्यात फोन उचलला कोणी त्यांचं नाव लिहायचं. नाव लिहिलं की पुढचा माणूसही पेशंटची वाट बघत उभा राहतो. हा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण हे एका मॅडमच्या शिस्तीवर चाललंय. त्यांची बदली झाली की काय, याची मला खरंच धास्ती वाटते. हे सगळ्या जिल्ह्यात लेखी आदेशानं सक्तीचं असायला पाहिजे.

सरकारला हे जमत नाही असं मात्र म्हणू नका. कोविडमध्ये जमलं होतं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्या अधिकारात जिल्हा परिषद, सिव्हिल, मेडिकल, खासगी दवाखाने, सगळे एका टेबलावर आले. बेड कुठं आहे, ऑक्सिजन कुठं आहे, हे एका कंट्रोल रूमला फोन केला की कळायचं. हाल झालेच, पण विचारायला एक जागा होती. साथ ओसरली आणि प्रत्येक खातं आपापल्या रजिस्टरकडं परत गेलं. साप, फवारणीची विषबाधा आणि हार्ट यांना साथ म्हणत नाहीत, म्हणून ते टेबल पुन्हा मांडलं गेलं नाही. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो भरती झाले, सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. असे पेशंट आधी गावागावात एकेक दिसतात. पीएचसीत दोन, खासगीत तीन. सगळ्यांचा आकडा रोज एका जागी जमला तर आठवड्यातच लक्षात येतं की काहीतरी वेगळं चाललंय, आणि अ‍ॅट्रोपिन (या विषबाधेवरचं औषध), व्हेंटिलेटर आधीच हलवता येतात.

आधीपासून ठरवून ठेवलं की काम होतं, याचं उदाहरण गडचिरोलीत आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, मग कुठलाच नंबर लावून उपयोग नाही. म्हणून अशा भागात बाळंतपणाची तारीख जवळ आलेल्या बाईला आधीच दवाखान्याजवळच्या माहेरघरात आणून ठेवतात. तिथं आशा, सेविका, डॉक्टर आणि गाडी यांचं आधी बोलणं झालेलं असतं.

आपल्या भागाची आणखी एक अडचण म्हणजे जिल्ह्याची हद्द. मुकुटबनकडच्या गावांना यवतमाळपेक्षा वणीवरून चंद्रपूर जवळ पडतं, पाटणबोरीकडच्यांना तर तेलंगणातलं आदिलाबाद जवळ. रेफर मात्र सवयीनं यवतमाळलाच होतं, कारण कागदावर जिल्हा तो आहे. तुमचं गाव कुठल्या बाजूला आहे त्यावरून तुमच्या सासऱ्यांसाठी हे आजच ठरवा. उद्या दिवसा पीएचसीच्या डॉक्टरांना भेटून विचारा: रात्री ईसीजी कुठं निघतो? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कुठं मिळतं? अटॅक असेल तर सरळ कुठं न्यायचं? घरी ताबडतोब कोणती गोळी द्यायची, हेही त्यांनाच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून देऊ नका. जुना ईसीजी, चालू गोळ्या, आधार आणि रेशन कार्ड यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

पैसे नाहीत किंवा पोलीस केस आहे म्हणून कुणी अडवलं, तर १९८९ पासून सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे की जीव वाचवायचे उपचार आधी, कागद नंतर. सरकारी असो की खासगी, दोघांनाही तो लागू आहे. अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, ते मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलंय.

राहिली गोष्ट गावानं काय करायचं. पुढच्या ग्रामसभेत दोन मागण्या लेखी द्या आणि ठरावाची नक्कल तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हाधिकारी या दोघांनाही पाठवा, म्हणजे ती एकाच खात्यात अडकून पडणार नाही. पहिली, रेफर करण्याआधी पुढच्या दवाखान्याला फोन आणि चिठ्ठीवर फोन घेणाऱ्याचं नाव. दुसरी, रात्रीच्या ड्यूटीवर कोण आहे आणि सर्पदंशाच्या लसीच्या किती बाटल्या शिल्लक आहेत, याचा बोर्ड पीएचसीच्या दारावर रोज. शिवाय गावाच्या आरोग्य, पोषण समितीला अबंधित निधी येतो, म्हणजे समितीनं स्वतः ठरवून खर्च करायचा पैसा. त्यातून गावातल्या एखाद्या जीपवाल्याशी रात्रीचं डिझेल आधी ठरवून ठेवता येतं, १०८ लांब असेल तेव्हासाठी. समितीची सचिव आशा नाहीतर अंगणवाडी सेविका असते. तिच्याकडं बसून यंदाचा पैसा कशावर गेला ते विचारा, ती सांगेल.