गोळीतले कॅल्शियम आणि सोयादुधातले कॅल्शियम

प्रश्न : माझे वय ५४ आहे. दूध पचत नसल्याने मी कॅल्शियम घातलेले सोयादूध दिवसातून दोनदा पिते आणि शिवाय रोज सकाळी उपाशीपोटी १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची गोळी घेते. गोळ्यांमुळे मुतखडा होतो असे कळल्यापासून भीती वाटते. गोळी बंद करावी का?

उत्तर : सोयादुधात मिसळलेले कॅल्शियम गोळीतल्यापेक्षा ‘नैसर्गिक’ असते, ही समजूत आधी बाजूला ठेवू. दोन्हींत बहुधा कार्बोनेट, फॉस्फेट किंवा सायट्रेट असाच एखादा क्षार असतो. फरक पडतो तो एका वेळी किती कॅल्शियम पोटात जाते आणि ते कशाबरोबर जाते, यामुळे.

अन्नाबरोबर गेलेले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला (पालकासारख्या भाज्यांतला हा घटक कॅल्शियमशी मिळून बहुतेक मुतखडे बनवतो) बांधून ठेवते, त्यामुळे ते ऑक्झॅलेट मूत्रपिंडापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच आहारात पुरेसे कॅल्शियम असणाऱ्यांना मुतखड्याचा धोका उलट कमी आढळतो. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीला बांधण्यासाठी ऑक्झॅलेट मिळत नाही आणि शोषलेले जादा कॅल्शियम लघवीत उतरते. अमेरिकेत रजोनिवृत्त झालेल्या ३६,००० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात मुतखड्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक होते. मात्र त्यांतील अनेकींच्या आहारात मुळातच पुरेसे कॅल्शियम होते, हे सहसा सांगितले जात नाही. गोळ्यांमुळे हृदयविकार वाढतो का, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

अमेरिकी शिफारशीनुसार आपल्या वयाच्या स्त्रीला आहार धरून दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, तर २००० ही वरची मर्यादा आहे. सोयादुधाच्या वेष्टनावरील आकडा पाहून बेरीज करा आणि उरलेल्या तुटीपुरतीच गोळी घ्या. एका वेळी सुमारे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅल्शियमच नीट शोषले जाते. कार्बोनेटची गोळी असल्यास ती जेवणाबरोबरच घ्यावी, कारण तिला जठरातील आम्ल लागते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. पूर्वी मुतखडा झाला असेल किंवा हाडांच्या ठिसूळपणावर औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नये.

आणखी एक, सोयादुधातले कॅल्शियम तळाशी बसते; ओतण्यापूर्वी खोके चांगले हलवले नाही, तर वेष्टनावरचा आकडा पेल्यात उतरत नाही.