तेलात फिरणारा टायमिंग बेल्ट कधी बदलावा?

प्रश्न : माझ्याकडे २०१४ सालची, एक लिटर इकोबूस्ट पेट्रोल इंजिनाची फोर्ड इकोस्पोर्ट आहे. मुलुंडहून ठाण्याला नोकरीसाठी रोजची ये-जा आणि गणपतीला गावची एक फेरी, एवढाच वापर असल्याने गाडी जेमतेम ५२,००० किलोमीटर चालली आहे. तिचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारा पट्टा) इंजिन ऑइलमध्येच फिरतो आणि इंजिनाइतकाच टिकतो, असे आमचे नेहमीचे मेकॅनिक सांगतात. त्यावर विसंबावे का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : विसंबू नये, बेल्ट आता बदलून घ्यावा. तेलातला बेल्ट घर्षण कमी करतो आणि कोरड्या बेल्टपेक्षा अधिक टिकावा अशाच हेतूने बनवलेला असतो, त्यामुळे तुमच्या मेकॅनिकांचा समज अगदीच निराधार नाही. परंतु युरोपात या इंजिनासाठी फोर्डने दिलेली मुदत १० वर्षे किंवा २,४०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल ते, अशी होती. किलोमीटर तुम्ही गाठले नसले तरी वर्षे उलटून गेली आहेत.

गाडी कमी चालली म्हणून बेल्ट कमी झिजला असेल, हे गणितही येथे लागू पडत नाही. इंजिन थंड असताना जादा पेट्रोल आत जाते आणि त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात ऑइल चांगले तापले की ते वाफ होऊन निघून जाते, पण मुलुंड-ठाण्यासारख्या छोट्या फेऱ्यांत तसे घडायला वेळच मिळत नाही. अशा पेट्रोलमिश्रित किंवा चुकीच्या प्रतीच्या ऑइलमध्ये बेल्टचे रबर फुगते, मऊ पडते आणि त्याचे कण सुटू लागतात. हे कण संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात) उतरून ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकतात, ऑइलचा दाब घटतो, आणि बेल्ट शाबूत असतानाच टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) व बेअरिंग निकामी होऊ शकतात. प्युजो-सित्रोएनच्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनांत असे कण ब्रेकला जोर पुरवणाऱ्या व्हॅक्यूम पंपापर्यंत पोहोचल्याने युरोपात गाड्या परत मागवाव्या लागल्या होत्या. फोर्डनेही पुढे याच एक लिटर इंजिनात टायमिंगसाठी चेन आणली, हे मला बोलके वाटते.

काम देताना ऑइल पंपाचा वेगळा छोटा बेल्टही बदलण्यास आणि संप उतरवून जाळी स्वच्छ करण्यास आवर्जून सांगावे. जाळी तुंबलेली राहिली तर नव्या बेल्टचा उपयोग नाही. टायमिंग बसवण्यासाठी या इंजिनाची खास लॉकिंग हत्यारे (फिरणारे भाग योग्य जागी धरून ठेवणारी) लागतात. ती गॅरेजात आहेत का, हे गाडी सोडण्यापूर्वीच विचारावे, कारण टायमिंग चुकल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

ऑइल ५डब्ल्यू-२० या दाटपणाचे आणि फोर्डच्या ९४८-बी मानकाचेच भरावे, आणि किलोमीटर कितीही कमी असले तरी वर्षातून एकदा बदलावे. इंजिन धुण्याची फ्लशिंगची औषधे मात्र टाळावीत, त्यांतली रसायने रबराला अपायकारक ठरू शकतात. काम होईपर्यंत ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागलाच, तर ‘टोलनाका ओलांडला की घर आलेच’ असा विचार न करता गाडी तिथेच सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि टोइंग मागवावे.