वरचे बटण एका बाजूला असले तरच जिन्यातला दिवा लागतो

आपण लिहिता की जिन्याच्या दिव्याला खाली, वर आणि मधल्या पॅसेजमध्ये अशी तीन बटणे आहेत, वरचे तुटले म्हणून आपण स्वतः नवे बसवले आणि तेव्हापासून ते एका बाजूला दाबलेले असेल तरच उरलेली दोन चालतात, नाहीतर दिवा कशानेच लागत नाही. एवढ्यावरून दोष बहुतेक वरच्या स्विचमध्येच आहे असे म्हणता येते: त्याच्या कॉमन स्क्रूखाली, म्हणजे बटणाच्या दोन्ही स्थितींत वापरात राहणाऱ्या स्क्रूखाली, चुकीची तार गेली आहे.

जिन्याच्या दोन टोकांना तीन-तीन स्क्रूंचे टू-वे स्विच असतात आणि मध्ये चार स्क्रूंचा इंटरमीडिएट, म्हणजे दोन तारांची आपसात अदलाबदल करणारा स्विच. एका टोकाच्या कॉमनवर फेज येते, दुसऱ्या टोकाच्या कॉमनवरून तार दिव्याकडे जाते आणि या दोन टोकांना जोडणाऱ्या दोन तारा इंटरमीडिएटमधून जातात. त्या दोन तारांची आपसात अदलाबदल झाली तरी बिघडत नाही. पण त्यांतली एक कॉमनखाली गेली, की बटणाच्या एका स्थितीत त्या एकमेकींनाच जोडल्या जातात आणि दिव्याचा मार्ग तुटतो.

मधला स्क्रू म्हणजे कॉमन असे गृहीत धरू नका, कारण सगळ्या स्विचांची मांडणी सारखी नसते. मेन स्विच बंद करून स्विच बाहेर काढा, तिन्ही तारा सोडवा आणि मल्टिमीटर बीपवर ठेवून पाहा: बटण कसेही दाबले तरी ज्या दोन स्क्रूंमध्ये बीप येत नाही ते जोडतारांचे, उरलेला कॉमन. मग बल्ब काढून, मोकळ्या केलेल्या तीन तारांपैकी कोणती होल्डरच्या टोकाशी बीप देते ते पाहा. खालचे बटण कसेही दाबले तरी तीच तार बीप देत राहिली, तर ती कॉमनखाली जाते. खालचे बटण दाबल्यावर बीप दुसऱ्या तारेवर गेली, तर फेज वरच्या बाजूने येत असण्याची शक्यता आहे. त्याची खात्री चालू लाइनवर करावी लागते आणि ते काम परवानाधारक वायरमनकडेच द्यावे. तिथे साध्या टेस्टरवर विसंबू नये, कारण शेजारून धावणाऱ्या तारेमुळे निव्वळ मोकळ्या तारेवरही तो मंद लागतो.

घर जुने असेल तर आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. आमच्या जुन्या घरात लाकडी केसिंग-कॅपिंगमधले वायरिंग होते. बल्ब बंद असताना शिडीवर चढून मी होल्डरला टेस्टर लावला, तर तो दोन्ही टोकांवर लख्ख लागला. तार वाचवण्यासाठी कुणीतरी दोन्ही टू-वे स्विचांना फेज आणि न्यूट्रल दोन्ही दिले होते, त्यामुळे दोन्हीकडे फेज आली की दिवा विझायचा आणि होल्डर मात्र जिवंत राहायचा. आपल्या बोर्डात टू-वे स्विचवर न्यूट्रल आलेला दिसला, तर नुसते स्विच बदलून थांबू नका; जोडणी पूर्णपणे नव्याने करून घ्या.

नव्याने करताना १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरा, फेज फक्त स्विचमधून न्या आणि न्यूट्रल थेट दिव्याला द्या. हा न्यूट्रल फेज ज्या सर्किटची आहे त्याच सर्किटचा हवा. खालच्या मजल्याची फेज आणि जवळ पडतो म्हणून वरच्या मजल्याचा न्यूट्रल असे केले आणि दोन्ही मजल्यांना वेगळे आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारे स्विच) असले, तर दिवा लावताच ते पडू शकतात. शिवाय वरच्या मजल्याचा एमसीबी पाडून त्या न्यूट्रलचा जोड सोडणाऱ्याला बल्बमधून आलेल्या फेजचा झटका बसू शकतो, म्हणून वायरमनने तार ओढण्याआधीच ही गोष्ट त्याला बजावून सांगा.